सुजलेल्या डोळ्यांवरचे घरगुती उपाय: काही महिने नेमानं करून पाहिल्यावर

सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज आणि दिवसभर चेहरा दमलेला, यावर सांगितले जाणारे बहुतेक घरगुती उपाय मी गेले काही महिने करते आहे. त्यातलं काय टिकलं आणि काय सोडून दिलं, ते सांगते.

सगळ्यांत भरवशाचा निघाला तो साधा गारवा. स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून पिळायचं आणि मिटलेल्या डोळ्यांवर दहाएक मिनिटं ठेवायचं. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज उतरायला मदत होते. काकडीच्या चकत्या, बटाट्याचे काप, फ्रीजमधले चमचे हेही झालं. गुण तेवढाच आला. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, म्हणून ती गार राहते, बाकी जादू नाही. टी-बॅग मला थोड्या सरस वाटल्या, कारण चहातल्या कॅफीननंही वाहिन्या आकसतात. मात्र त्या पूर्ण गार झालेल्या आणि घट्ट पिळलेल्या हव्यात. बर्फ थेट लावू नका. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट तर डोळ्यांजवळ नेऊच नका, कुणीही कितीही खात्रीनं सांगितलं तरी.

गारव्याचा परिणाम दुपारपर्यंतही पुरत नाही. सूज मुळात कमी झाली ती रात्रीच्या सवयी बदलल्यावर. आडवं झोपलं की अंगातलं पाणी चेहऱ्याकडे सरकतं, म्हणून मी डोकं थोडं उंच राहील अशी जास्तीची उशी घेते. रात्रीच्या जेवणातलं मीठ कमी केलं, आणि सगळ्यांत मोठा फरक मला त्यानंच जाणवला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाकीटबंद खाण्यात ते नकळत किती जातं, हे पाकिटावरचा तक्ता वाचल्याशिवाय कळत नाही. झोपण्याआधी मेकअप पुसणं आणि डोळे न चोळणं हेही आलंच. ज्यांचे डोळे खाजतात त्यांची सूज बऱ्याचदा ॲलर्जीची असते. तिथं गार पट्टीनं बरं वाटतं, पण ॲलर्जीवरच इलाज करायला हवा.

काळ्या वर्तुळांवर यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. तो त्वचेच्या रंगाचा, पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचा किंवा खोलगट भागावर पडणाऱ्या सावलीचा प्रश्न असतो. वयानुसार डोळ्यांखाली ज्या पिशव्या येतात, तिथं आतली चरबी पुढे आलेली असते. ती काकडीनं मागे जात नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. सूज रोजच राहत असेल, सोबत पायही सुजत असतील किंवा लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करा. थंडी सोसवत नसेल, वजन वाढत असेल, तर थायरॉईडची. आणि एकच डोळा लाल होऊन सुजला, दुखला, ताप आला किंवा अंधूक दिसू लागलं, तर पट्ट्या ठेवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.