भूकोश, भुवन आणि टोपोशीट: नाशिक जिल्ह्यासाठी आठ महिने वापरल्यानंतर

नाशिकचा खडकांचा किंवा भूजलाचा नकाशा शोधताना सगळ्यात आधी टोपोशीटचा, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाच्या पानाचा, नंबर पक्का करा, कारण २० अंशांचा अक्षांश शहराच्या मधूनच जातो आणि तिथेच शीट बदलतं. पंचवटी ४६ एच/१६ या टोपोशीटवर येते आणि नाशिकरोड ४७ ई/१३ वर. सिन्नर तर ७४ रेखांशाला टेकलेलं आहे, म्हणजे ४७ ई/१३ च्या जोडीला ४७ आय/१ लागतं. त्र्यंबकेश्वर ४७ ई/९, इगतपुरी ४७ ई/१०, निफाड ४६ एल/४. एक शीट साधारण २८ बाय २६ किलोमीटरचं असतं. हे आकडे एकदा कागदावर लिहून ठेवले की प्रत्येक पोर्टलवरचा निम्मा वेळ वाचतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नव्या मालिकेत हाच भाग ई ४३ आणि एफ ४३ अशा नावांनी येतो. जुने अहवाल मात्र जुन्याच नंबरांनी लिहिलेले आहेत, त्यामुळे दोन्ही हाताशी हवेत.

खडकाची मुख्य माहिती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर मिळते. नोंदणी मोफत आहे. लॉगिन करून १:५०,००० ची भूगर्भीय लेयर (नकाशातल्या माहितीचा एक पदर) घ्यायची, जिल्हा किंवा शीट निवडायचं आणि शेपफाइल (त्या माहितीचा फाइल-संच) उतरवायची. १:२०,००,००० ची लेयरही तिथेच आहे, पण तिच्यात अख्खा तालुका एकाच रंगात दिसतो, म्हणून तालुक्याच्या कामाला ती घेऊ नका. झिप उघडल्यावर एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे या चारही फायली एकाच फोल्डरमध्ये राहू द्या. पीआरजे हरवली तर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरला नकाशा कुठल्या निर्देशांक प्रणालीतला आहे ते कळत नाही आणि तो भलतीकडे जाऊन बसतो. क्षेत्रफळ किंवा अंतर मोजायचं असेल तर लेयर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदलून घ्या.

खरा गोंधळ नावांचा होतो. बागलाणातल्या एखाद्या पॉलिगॉनवर (नकाशावरच्या बंद आकारावर) क्लिक करा, रकान्यात सह्याद्री ग्रुप आणि साल्हेर फॉर्मेशन अशी खडकथरांची नावं दिसतात. साल्हेर म्हणजे आपला १,५६७ मीटर उंचीचा किल्ला, त्याच्यावरूनच हे नाव पडलं. या थरांच्या वरच्या थरांना भूवैज्ञानिक सर्वेक्षण लोअर आणि अप्पर रतनगड म्हणतं. पण विद्यापीठांतले शोधनिबंध उघडले की तिथे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी वेगळीच यादी असते. दोन्ही बरोबर आहेत. पहिली वर्गवारी लाव्हाप्रवाहांचं स्वरूप आणि जमिनीवर माग काढता येणारे थर पाहून केलेली आहे, तर दुसरीत खडकाच्या रासायनिक घटकांवर भर आहे. नावाला नाव जुळवत बसलात तर नक्की चुकाल. त्यापेक्षा मोठ्या स्फटिकांच्या बेसाल्टचे (लाव्हा थिजून झालेल्या खडकाचे) थर शोधा. थळ घाटातला असा थर प्रसिद्ध आहे आणि दोन्ही पद्धतींत अशा थरांना खुणेचा मान आहे.

नकाशा जागेवर नीट बसलाय की नाही, हे तपासायची एक युक्ती आपल्या भागात फार उपयोगी पडते. दख्खनचे लाव्हाप्रवाह जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळे दोन थरांमधली सीमा डोंगराच्या समोच्च रेषेला धरून चालायला हवी. टोपोशीटवर या रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. इस्रोच्या भुवन पोर्टलवरून कार्टोडेम (जमिनीच्या उंचीची उपग्रहावरून केलेली फाइल) उतरवून त्यातूनही काढता येतात. इगतपुरी किंवा सुरगाण्यात सीमा सरळ दरी ओलांडताना दिसली, तर बहुतेक वेळा खडकाचा दोष नसतो, लेयर सरकलेली असते. जुनी शीट एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या आधारावर) आहेत आणि नवी डब्ल्यूजीएस ८४ वर, त्यामुळे स्कॅन केलेला जुना नकाशा तसाच टाकला की तो हमखास सरकतो. सपाटीच्या निफाडात ही युक्ती चालत नाही. तिथे नांदूर मध्यमेश्वरजवळचा गोदावरी-कादवा संगम उपग्रह चित्राशी ताडून पाहावा.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: माझ्या गटात बोअर कुठे घेऊ? या नकाशांवरून ते सांगता येत नाही. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. एक हेक्टरचा चौरस गट नकाशावर फक्त २ बाय २ मिलिमीटर येतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या सीमारेषेखाली २५ मीटर जमीन झाकली जाते. महाभूनकाशा या राज्याच्या जमीन नकाशांच्या साइटवरचा गट त्यावर ठेवून चित्र मोठं करत गेलं, तरी माहिती तेवढीच राहते. शिवाय विहीर खणणारे ज्याला काळा पाषाण, मांजऱ्या (पोकळ्यांत खनिजं भरलेला खडक) आणि गेरू (मातीसारखा लाल थर) म्हणतात, त्यांतला प्रत्येक थर या नकाशात वेगळा दाखवलेला नसतो. गेरूचा थर अनेकदा जेमतेम मीटरभराचा असतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि ढासळतो, म्हणून तिथे केसिंग (बोअरमधला आधाराचा पाइप) लागतं. हे नकाशावर शोधू नका, शेजारच्या विहिरीचा काठ पाहा.

भुवनवरचे लिनियामेंट (उपग्रह चित्रात दिसणाऱ्या लांब सरळ रेषा) आणि भूजल संभाव्यता नकाशे यापुढची पायरी आहेत. लिनियामेंटची रेषा दिसली की तिथे पाणी आहे, असं मात्र धरू नये. ती भेग असेल तर पाणी साठतं आणि वाहतं. डाइक (भेगेत घुसून थिजलेला लाव्हा) असेल तर तोच भिंतीसारखा उभा राहून पाणी अडवू शकतो, मग एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी. उपग्रह चित्रातली सरळ रेषा कधी रस्ता किंवा बांधही निघते. डाइक बागलाणच्या बाजूला बरेच आहेत, तिथे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्णय नको.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा जिल्हा संसाधन नकाशा एकाच कागदावर खडक, भूरूप, खनिज आणि भूजल दाखवतो. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पाला तेवढा पुरे. राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार डिसेंबर २०२३ मध्ये खुलं झालं. खनिज शोधाचे अहवाल आणि आकडे हवे असतील तर तिकडे जा, गावापुरत्या कामाला भूकोशच सोपं पडतं.

पाणीपातळीसाठी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि केंद्राचं इंडिया डब्ल्यूआरआयएस हे जलसंपदा पोर्टल, दोन्ही पाहा. तुलना करताना मे महिन्याची पातळी मे महिन्याशीच लावा. ऑक्टोबरचा आकडा पावसानंतरचा असतो. तालुक्याचं वर्गीकरण वाचताना टक्के लक्षात ठेवा: वर्षाला उपसता येण्याजोग्या भूजलाच्या तुलनेत उपसा ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. हा शिक्का सगळ्या तालुक्याच्या सरासरीवर बसतो, त्यामुळे नदीकाठच्या गाळाची गावं आणि माळरानावरची गावं त्यात एकाच खात्यात पडतात.

काही सरकारी साइटवर मोठी फाइल उतरत असतानाच लॉगिन संपतं. जिल्हा एकदम न घेता एकेक शीट घ्या आणि ब्राउझरचा पॉप-अप अडथळा बंद ठेवा. अनेक मराठी पीडीएफ जुन्या फाँटमध्ये किंवा नुसत्या स्कॅन स्वरूपात आहेत. त्यात गावाचं नाव टाकून शोधलं की काहीच सापडत नाही, पानं उलटूनच पाहावं लागतं. उतरवलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात शीट नंबर आणि तारीख टाका, कारण लेयर अधूनमधून सुधारली जाते आणि सहा महिन्यांनी कोणती जुनी, कोणती नवी ते ओळखू येत नाही.