फुकटची मशीन, साडेआठ महिने: वस्तू चांगली, तोंड फार

मशीनची बॅटरी मेली म्हणून हे लिहायला बसले, आणि कंपनीने ३,८५० रुपयांचं बिल पाठवलं म्हणून सगळंच लिहिणार आहे.

पोळ्याच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पॅड, ओआरएस आणि निरोध फुकट देणारी ही मशीन बसली. माझं शिलाईचं दुकान बरोबर समोर, म्हणून चावी माझ्या गल्ल्यात आली. मानधन शून्य. ज्यांच्या गावात आहे त्यांना मॉडेल सांगायला नको: सहा खण, तीन पॅडचे, दोन ओआरएसचे, एक निरोधचा. बटण दाबा, वस्तू खाली पडते. नाणं नको, ओटीपी नको, आधार तर नकोच. ओआरएस आणि निरोध आशाताई उपकेंद्रातून आणून भरतात, पॅड ग्रामपंचायतीच्या पैशातून येतात.

'फुकट' ऐकून आधी माझ्या पोटात गोळा आला होता. २०१८ ला अस्मिता योजना आली तेव्हा आमच्या बचत गटाने पॅड विकलेत. शाळेतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत, आणि त्या ५ रुपयांसाठी पोरी आईच्या मागे लागलेल्या मी पाहिल्यात. मग फुकट म्हटल्यावर दोन दिवसांत खण साफ होणार, हे ठरलेलं.

झालं उलटं. ओआरएसच्या पुड्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात फोडून चाटल्या, ते सोडा. पॅड मात्र पंधरा दिवसांत अकरा गेले. मला वाटलं, गावातल्या बाया जरुरीपुरतंच घेतात, शहाण्या आहेत. तसं लिहूनही टाकणार होते.

शहाणपण वगैरे काही नव्हतं. स्पीकर होता.

वस्तू पडली की मशीन बोलते. हिंदीत, आणि लग्नातल्या भोंग्याच्या आवाजात: 'सैनिटरी पैड. कृपया निकालें. धन्यवाद.' ओट्याला लागून मारुतीचा पार आहे, पारावर सकाळपासून दहा-बारा बाप्ये पत्ते कुटत असतात. धन्यवाद म्हटलं की सगळ्या माना एकदम वळतात. दहावीतली एक पोर हात घालून पॅड न घेताच पळाली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते पॅड संध्याकाळी मीच काढून परत खणात ठेवलं.

आवाज कमी करायची सोय आहे, पण पासवर्डच्या मागे. पासवर्ड हेड ऑफिसला. हेड ऑफिसचा फोन म्हणतो, 'मॅडम, यह एक्सेसिबिलिटी फीचर है.' ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बोललंच पाहिजे, मान्य. पण त्याला ऐकू येण्यासाठी अख्ख्या गावाला ऐकू जायला हवं का? मी स्पीकरच्या जाळीत अस्तराचे तुकडे कोंबले. आवाज उलट घोगरा झाला, जास्तच भीतिदायक.

मग दिवाळीच्या आसपास एक गंमत कळली. शिलाई शिकायला येणारी पोर रोज विचारायची, "काकू, लाइट कव्हा जाईल?" मला वाटलं घरी जायची घाई आहे. तर नाही! लाइट गेली की मशीन बॅटरीवर जाते आणि चार्जिंग वाचावं म्हणून स्पीकर बंद होतो. वस्तू मात्र पडते, मुकाट. हे साऱ्या पोरींना माहीत होतं. चावी असून मलाच माहीत नव्हतं. आमच्याकडे लाइट जाते म्हणून मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्या महिन्यात पहिल्यांदा लाइट गेली की बरं वाटायला लागलं.

मशीनचा मेन स्विच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूला. कोणी बाई ओट्याकडे निघाली की मी शिलाई सोडून जायचे आणि खटका पाडायचे. खप वाढला. मेहनत माझी वाढली.

सरपंचांकडे आवाजाची तक्रार तीनदा केली. "चालतंय की अक्का, कोणाला काय त्याचं." मग माघातल्या एका रात्री नऊ-साडेनऊला मशीनने शांत चौकात निरोधचं नाव पुकारलं. कोण होतं ते मी सांगणार नाही, पण दुसऱ्या दिवशी पारावरच्यांनी स्वतःहून विषय काढला की आवाज जरा मोठाच आहे बुवा.

पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या जोड्या परत आल्या आणि पॅडचे तिन्ही खण आठवड्यात रिकामे व्हायला लागले. आमचा बीड जिल्हा. २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही, मग पिशवीचीच कटकट नको. त्यातल्या दोघी माझ्या गिऱ्हाइक आहेत. एक आपल्या लेकीला घेऊन आली, ओट्यावर उभी राहिली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खटका पाडला. त्या दिवसापासून दिवसा तो वर केलाच नाही. सकाळी दहाला बंद, अंधार पडला की चालू. दर वेळी कोण उठणार?

मशीन मेमध्ये बंद पडली ती याच्यामुळेच, हे मला मागून कळलं.

मे म्हणजे लग्नसराई, ४२ डिग्री ऊन आणि जुलाब. ओआरएसची गरज तेव्हाच. (खणावरचं चित्र ग्लासाचं आहे, याचाही मला राग आहे. पुडी २०.५ ग्रॅमची, ती एक लिटर पाण्यात कालवायची असते आणि चोवीस तासांत संपवायची. चित्र पाहून लोक ग्लासात कालवतात. मी शेजारी एक लिटरची रिकामी बाटली सुतळीने बांधून ठेवली आहे, दोनदा चोरीला गेली.) कस्टमर केअरने आधी सांगितलं आमचा पिनकोड त्यांच्या यादीत नाही. मग म्हणे तिकीट काढलंय. एकोणीस दिवस पुड्या मी माझ्या दुकानातून वाटल्या, वहीत लिहून.

विसाव्या दिवशी एक पोरगा आला. लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "मावशी, रोज आठ-नऊ तास कोणीतरी मेन बंद करतंय. बॅटरी रोज पार उतरली, म्हणून बसली. हे वॉरंटीत येत नाही." मी म्हणाले, मीच करते, आणि का ते पण सांगितलं. त्याने पाराकडे पाहिलं. त्याला दोन बहिणी आहेत म्हणाला.

पासवर्ड त्यालाही देत नाहीत. पण त्याने मागचं झाकण उघडलं, स्पीकरच्या दोन पिवळ्या वायरी बोटाने दाखवल्या आणि चहा प्यायला निघून गेला. झाकण उघडंच.

तेव्हापासून मशीन गप्प आहे. मेन दिवसभर चालू.

३,८५० चं बिल भरलेलं नाही. बॅटरी १२ व्होल्टची, यूपीएसमध्ये असते तीच. केजच्या दुकानातून १,१५० ला आणली, पावती ठेवली आहे. घाईत वायर कापायला कापडाची कात्री घेतली, तिला धार लावायचे ३० रुपये वेगळे.