आयनॅचरलिस्ट: एक मिलिमीटरच्या परोपजीवी गांधीलमाशीला नाव मिळते का?

पक्षी, फुलपाखरे, झाडे यांची नावे शोधायला आयनॅचरलिस्ट (फोटो टाकून संगणक आणि जाणकारांकडून जीवाचे नाव मिळवायची वेबसाइट) उत्तम आहे. पण माव्याच्या थव्यात किंवा पतंगाच्या अंड्यांवर फिरणाऱ्या एक-दोन मिलिमीटरच्या परोपजीवी गांधीलमाशीचा फोटो टाकला, तर हाती काय लागते? फोटो नीट असेल तर कूळ बहुतेकदा मिळते, वंश कधीकधी, जात क्वचितच. एवढी अपेक्षा ठेवून वापरली तर ही सेवा फार मोलाची आहे.

सर्वात कच्चा भाग म्हणजे संगणकाने आपोआप सुचवलेली नावे. ज्या जीवांचे पुरेसे फोटो (साधारण शंभर) जमलेले असतात, तेवढेच संगणक शिकलेला असतो. बहुतेक इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्यांच्या कॅल्सिड गटात वर्णन झालेल्या जातीच वीस हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे इतके फोटो नाहीत. मग न शिकलेल्या माशीसाठी संगणक शिकलेल्यांपैकी सर्वात मिळतेजुळते नाव पुढे करतो. सूचनांमध्ये जातीचे नाव वर दिसले तरी ते निवडू नका. तिथे ‘कॅल्सिडॉइडिया’ (कॅल्सिड गटाचे शास्त्रीय नाव) किंवा नुसते ‘हायमेनॉप्टेरा’ (गांधीलमाश्या, मधमाश्या, मुंग्यांचा मोठा गट) लिहिलेले बरे. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा बरोबर पण ढोबळ नाव जाणकारांच्या नजरेस लवकर पडते, कारण ते आपापल्या गटाची यादी गाळून बघत असतात.

दुसरी अडचण फोटोच्या आकाराची आहे आणि ती अनेकांच्या लक्षातच येत नाही. वेबसाइट मोठा फोटो लहान करून ठेवते. लांब बाजू २०४८ पिक्सेलपर्यंत येते. आता हिशेब करा. ३६ मिमी रुंद सेन्सर, ६००० पिक्सेल, १:१ मॅक्रो लेन्स (सेन्सरवर वस्तू मूळ आकारात उमटवणारी): एक मिलिमीटरची माशी सुमारे १६७ पिक्सेलमध्ये बसते. अख्खा फोटो तसाच चढवला तर तिचे ५७ पिक्सेल उरतात. एवढ्यात मिशांचे खंड कोण मोजणार! म्हणून आधी कापा, मग चढवा. माशीभोवती थोडीच जागा ठेवा. मूळ फोटोतच तपशील हवा असेल तर चारपट मोठे करणारी लेन्स लागते. तिने हीच माशी ६६७ पिक्सेलची होते. मात्र तेव्हा फोकसची खोली इतकी कमी होते की एका फोटोत डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर येतो. एकाच फोटोवर अडून बसू नका. एका नोंदीत अनेक फोटो जोडता येतात, ती सोय पुरेपूर वापरा. पहिला फोटो सर्वात स्पष्ट ठेवा, कारण वेबसाइटवरच्या नोंदीत संगणक सूचना देताना तोच बघतो.

कोणते कोन हवेत? पंख पसरलेले असताना वरून एक. पुढच्या पंखात शिरांचे जाळे असेल तर बाहेरच्या भागातल्या मागे वळणाऱ्या आडव्या शिरा मोजतात: दोन असल्या तर बहुधा इक्न्युमोनिडी कूळ, एकच असली तर ब्रॅकोनिडी. पंख जवळजवळ कोरा, पुढच्या कडेने एकच शीर आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, असे दिसले तर कॅल्सिड गटाकडे वळा. मग बाजूचा फोटो कामाला येतो. पावलाचे खंड ट्रायकोग्रामाच्या कुळात तीन, युलोफिडीत बहुधा चार, इतर बऱ्याच कुळांत पाच असतात. मागची मांडी फुगलेली आणि खालून दातेरी असेल तर कॅल्सिडिडी. मधल्या पायाला मोठा काटा आणि उडी मारायची सवय असेल तर एन्सर्टिडी. पंख दांड्यासारखे अरुंद आणि कडेला लांब केसांची झालर असेल तर मायमारिडी. चेहऱ्याचा समोरून एक फोटोही घ्या. मिशा तोंडाजवळून निघतात की वरून, यावर पुष्कळ ठरते.

माशी कशातून बाहेर आली हे लिहिलेत तर ओळख फार सोपी होते. माव्याची फुगलेली, तपकिरी ममी (आत माशी वाढल्यावर उरलेले मेलेल्या माव्याचे कडक कवच) असेल तर ब्रॅकोनिडीतले ॲफिडिइनी उपकूळ, काळी असेल तर ॲफेलिनस वंश, ममीखाली रेशमाचा तंबू असेल तर प्राओन वंश. पण ममीतून बाहेर पडणारी माशी कधीकधी त्या परोपजीवीवरच वाढलेली दुसरी परोपजीवी असते. बाहेर पडण्याचे भोक गोल आणि गुळगुळीत नसून दातेरी दिसले तर ही शंका घ्या. ममी एकेकटी वेगवेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर कोणती माशी कशातून आली हे सांगता येणार नाही.

या सेवेची खरी ताकद तिथली माणसे आहेत. गांधीलमाश्यांच्या एकेका कुळाचा अभ्यास करणारे तिथे विनामोबदला नावे तपासतात. पण कोणी नाव सुचवले की आभार म्हणून ‘सहमत’ दाबणे चूक आहे. जातीच्या पातळीवर दोघांचे एकमत झाले तरी नोंद ‘रिसर्च ग्रेड’ (संशोधनाला वापरण्याजोगी) होऊ शकते आणि योग्य परवाना असेल तर जागतिक जैवविविधता साठ्यातही जाते. स्वतःला खूण पटली असेल तरच सहमती द्या. ‘यापुढे ओळख शक्य नाही’ हा पर्यायही घाईने निवडू नका, नोंद तपासणीच्या रांगेतून बाहेर पडते. २०२२ मध्ये टेरोमॅलिडी हे कूळ फोडून अनेक कुळे केली गेली, त्यामुळे जुन्या नोंदीवरचे नाव आपोआप बदललेले दिसले तर ती चूक समजू नका.

उत्तराला कधी एक दिवस लागतो, कधी वर्ष, कधी ते येतच नाही. माशी मेलेली मिळाली तर अल्कोहोलमध्ये जपून ठेवा आणि नमुना जपल्याचे नोंदीत लिहा. फोटोवरून न सुटलेले कोडे सूक्ष्मदर्शकाखाली सुटू शकते.