आठ महिने टचस्क्रीनवर: नकाशा झकास, एसीची मात्र पंचाईत

उभ्या गाडीत, बटणांऐवजी एसीसकट सगळं चालवणारी ही टचस्क्रीन देखणी वाटते. खरी परीक्षा पावसात, काचेवर आतून बाष्प धरलं की होते. तेव्हा चार कामं पटापट करायची असतात: हवा काचेकडे वळवायची, ब्लोअर वाढवायचा, एसी लावायचा, री-सर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद करायचं. नॉब असले की हात चाचपडत सगळं करतो. इथे आधी क्लायमेटचं पान उघडा, मग बारीक चौकोन शोधा. तेवढ्यात खड्डा आला की बोट शेजारच्या चौकोनावर! ताशी ८० किमीला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद मान खाली म्हणजे ४४ मीटर रामभरोसे.

‘सवय होते’ हे अर्धंच खरं. कुठलं पान कुठे आहे ते पाठ होतं, पण सपाट काचेवर बोटाला कडा लागत नाही, त्यामुळे नेम धरायला डोळे लागतातच. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकाने २०२२ मध्ये चालकांना आधी सराव करू देऊन ताशी ११० किमीला चाचणी घेतली. सीट गरम करणं, रेडिओचं स्टेशन लावणं अशा चार कामांना २००५ च्या बटणवाल्या व्हॉल्वो व्ही७० मध्ये १० सेकंद पुरले. टचस्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आरमध्ये ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १,३७२ मीटर.

स्टिअरिंगवरची टच बटणं तर नकोच. यू-टर्न घेताना तळहात घासतो आणि आवाज वाढतो.

नकाशा आणि रिव्हर्स कॅमेऱ्याला मोठी स्क्रीन हवीच, त्यात वाद नाही.

अशी गाडी घेतलीच असेल तर ऑटो क्लायमेट २३-२४ अंशांवर ठेवून विसरून जा. पुढच्या काचेचं डिफॉग शॉर्टकट पट्टीत आणा. अपडेटनंतर ते जागेवर आहे ना, तेही बघा. स्क्रीन रीस्टार्ट कशी करायची ते मॅन्युअलमधून आधीच शिकून घ्या, कारण ती अडकली की एसीही आहे तसाच अडकतो. पुसायला कोरडं मायक्रोफायबर पुरतं. अमोनियावाला ग्लास क्लीनर लावला तर वरचा थर जातो.

गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएससाठी (तातडीची मदत मागायला) वेगळी बटणं नसतील तर गुण कापले जातात. एसी त्या यादीत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी, गाडी उभी असतानाच, नजर समोर ठेवून काचेवरचं बाष्प घालवायची ती चारही कामं करून बघा.