जुनी बीएस-४ ट्रॅव्हलर, ठाणे-नवी मुंबईच्या ड्युटीवर: काय बिघडतं, का बिघडतं, किती पैसे लागतात

गाडी: टेम्पो ट्रॅव्हलर, ३३५० व्हीलबेस, १२ सीट आणि ड्रायव्हर, २.६ लिटर कॉमन रेल डिझेल इंजिन, बीएस-४ (भारत स्टेज-४ प्रदूषण मानकाची), वर एसी. सेकंडहँड घेतलेली. काम म्हणजे घोडबंदर रोडवरून महापे-ऐरोलीच्या कंपन्यांची स्टाफ ड्युटी, सुट्टीच्या दिवशी एखादं भाडं. पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा या गाडीनं काढला आहे, त्यावरून हे लिहितोय. दर बाहेरच्या गॅरेजचे आहेत, वागळे इस्टेट आणि कळंबोली इथले. ब्रँड आणि ओळख यानुसार थोडे खाली-वर होतील.

आधी निष्कर्ष सांगतो. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये लोक इंजिनाला घाबरतात, पण इंजिन वेळेवर तेल आणि स्वच्छ डिझेल मिळालं तर फारसं छळत नाही. खिसा रिकामा करतात ते पुढचा अ‍ॅक्सल, क्लच, एसी आणि पत्रा. त्यातली बरीच मोठी कामं ग्रीस, होजपाइप, सील असल्या किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष केल्यामुळे अंगावर येतात.

पुढचा अ‍ॅक्सल

या गाडीचा मूळ आराखडा मर्सिडीजच्या टी१ व्हॅनचा. बजाज टेम्पोनं ती १९८७ मध्ये भारतात आणली, पुढे २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. त्या वारशामुळे जुन्या गाड्यांना पुढेही ट्रकसारखा सरळ अ‍ॅक्सल, पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) आणि किंग पिन (पुढचं चाक ज्या जाड पिनवर वळतं ती) आहेत. बांधणी दणकट, आणि कुठलाही ट्रकवाला फिटर हे काम करू शकतो. पण किंग पिनला ग्रीस लागतंच. कारवाल्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं की नेमकं तेच राहून जातं, कारण त्यांच्याकडे ग्रीस गनच नसते.

लक्षणं अशी: साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही, पुढचे टायर एका कडेनं झिजतात. मेकॅनिक पटकन 'बेअरिंग गेली' म्हणतो. खात्री स्वतः करा. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हालचाल जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर चाकाची बेअरिंग सैल आहे. तरीही हलत असेल तर किंग पिन किंवा त्याचे बुश (पिनभोवतीची नळकांडी) गेलेत. चाक डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉडचे बॉल जॉइंट बघा.

किंग पिन किट दोन्ही बाजूंचं अडीच ते साडेतीन हजार, मजुरी तीन ते चार हजार. इथे एक गोष्ट मी हट्टानं करून घेतो. नवीन बुश ठोकल्यावर आतून रीमर (भोक मापाला आणायचं हत्यार) फिरवून पिनच्या मापाचे करावे लागतात. घाईतला फिटर पिन हातोडीनं आत घालतो. मग स्टिअरिंग जड होतं आणि बुश लवकर संपतात. पिन अंगठ्याच्या दाबानं, तेलाच्या फिल्मवर सरकली पाहिजे. थ्रस्ट बेअरिंग किटमधलीच घाला, आणि काम झाल्यावर टो सेटिंग (पुढच्या चाकांची दिशा जुळवणं) करून घ्या, त्याचे चारशे-पाचशे वेगळे.

ग्रीसिंगची पद्धतही महत्त्वाची. गाडी चाकांवर उभी असताना पंप मारला की ज्या बाजूवर भार असतो तिथे ग्रीस पोचत नाही. चाक उचलून मारा, काळं जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. निपल बुजलं असेल तर बदला, वीस-तीस रुपयांचं येतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा. त्याच वेळी पाट्यांच्या शॅकल पिना आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, तेही करून टाका.

पाट्यांबद्दल थोडक्यात: मागून गाडी एका बाजूला कललेली दिसली तर आधी सेंटर बोल्ट बघा. तो तुटला की पाटा सरकतो आणि मागचा अ‍ॅक्सल तिरका होतो. एक पाटा बदलायला दोन-अडीच हजार.

क्लच

घोडबंदरच्या गायमुख घाटात ट्रॅफिक अडकलं की भरलेली गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची सवय प्रत्येक ड्रायव्हरला लागते, आणि क्लच तिथेच जळतो. तपासणी सोपी: मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही तर प्लेट संपली आहे.

आवाजावरून बरंच कळतं. पेडल दाबल्यावर घरघर येते ती रिलीज बेअरिंगची. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबल्यावर जाते, तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. दुसरं काम मोठं आहे, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवण्याआधी हा फरक ओळखलेला बरा.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट नऊ ते बारा हजार, मजुरी साडेतीन हजारांच्या आसपास. नुसती प्लेट टाकून पाच हजार वाचवू नका, कारण गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी पूर्ण परत पडते. बॉक्स खाली असताना तीन गोष्टी नजरेखालून घाला: फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा आहेत का (असतील तर लेथवर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करणं, सहा-सातशे), पायलट बेअरिंग, आणि क्रँकचा मागचा ऑइल सील. सील गळत असेल तर नवी प्लेट तेलानं भिजून पुन्हा घसरणार.

रिव्हर्स आणि पहिल्या गिअरमध्ये आलटून-पालटून टाकताना खालून 'टक्' असा आवाज येत असेल तर क्रॉस, आणि ठरावीक वेगाला फरशीतून गुणगुण येत असेल तर सेंटर बेअरिंग. क्रॉस प्रत्येकी सात-आठशे, सेंटर बेअरिंग दीड ते दोन हजार. शाफ्ट काढण्याआधी जोडावर खडूनं खूण करून ठेवा. उलटा बसला की बॅलन्स जातो.

डिझेल आणि इंजेक्टर

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबानं इंजेक्टरकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडे) जातं. म्हणूनच जुन्या इंजिनांसारखं चालू गाडीत पाइप सैल करून 'कुठला सिलिंडर मारत नाही' ते बघणं इथे बंद. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

त्याऐवजी रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जायच्या तोंडाला) पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवायचं. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. सकाळी उशिरा स्टार्ट होणाऱ्या गाडीत पुष्कळदा हेच निघतं, आणि तोवर मालकानं बॅटरी आणि सेल्फवर पैसे घातलेले असतात.

बेंचवर तपासणी प्रत्येकी पाचशे. दुरुस्ती (नोझल आणि व्हॉल्व्ह) पाच ते सात हजार. नवा पंधरा हजारांच्या पुढे. इंजेक्टर बसवताना खालचं तांब्याचं वॉशर नवंच हवं, जागा ब्रशनं साफ करून. जुनं वॉशर परत वापरलं की 'फुस्-फुस्' आवाज येतो आणि बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो, मग इंजेक्टर निघता निघत नाही. नव्या इंजेक्टरवर कोड छापलेला असेल आणि ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) तो मागत असेल, तर स्कॅनरवाल्याकडून भरून घ्या, नाहीतर आयडल खडबडीत राहतं.

हे सगळं टाळायचं असेल तर डिझेल फिल्टरच्या खालचा नॉब पावसाळ्यात दर आठवड्याला सैल करून पाणी काढा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. फिल्टर हजाराच्या आत-बाहेर येतो, एका इंजेक्टरच्या दुरुस्तीत पाच-सहा फिल्टर होतात.

काळा धूर आणि जोर कमी असं असेल तर थेट टर्बोला दोष देऊ नका. एअर फिल्टर, मग इंटरकूलरचा होजपाइप (क्लिपजवळ तेलकट चीर), मग ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) या क्रमानं बघा. ईजीआर साफ करायचे बाराशे-पंधराशे. तो कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. पीयूसीत अडकाल ते वेगळंच.

गरम होणं आणि एसी

हे दोन्ही एकत्रच बघायला हवेत. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असेल तर दोघांच्या मधल्या फटीत चिखल, किडे आणि एमआयडीसीतली धूळ बसते. बाहेरून दोन्ही स्वच्छ दिसतात. कंडेन्सरचे बोल्ट सैल करून तो पुढे ओढा आणि इंजिनाच्या बाजूनं साध्या पाइपनं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून लावला तर पातळ पत्त्या आडव्या होतात.

पंख्याला व्हिस्कस कपलिंग असेल तर गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हातानं फिरवून बघा, बोटं सांभाळून. जड फिरला पाहिजे. गरगर फिरला तर कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गेलंय, आणि ट्रॅफिकमध्ये काटा चढण्याचं कारण तेच. कपलिंग चार ते पाच हजार, रेडिएटर खोलून रॉडिंग (आतल्या नळ्या सळीनं साफ करणं) दोन हजार. वर्षातून एकदा रेडिएटरची कॅप बदला, दोन-अडीचशेची वस्तू आहे. दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं. बोअरिंगचं पाणी घालू नका, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

काटा लाल रेषेपर्यंत एकदाच गेला तरी हेड वाकू शकतं. हेड गॅस्केट, फेसिंग, कूलंट, ऑइल आणि मजुरी धरून अठरा ते पंचवीस हजार. हेडला चीर निघाली तर हिशेब याच्याही पुढे जातो.

एसीत गॅस कमी झाला की नुसता भरून घेऊ नका, तो गळाल्याशिवाय कमी होत नाही. नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्यानं गळती शोधायला लावा. छतावरच्या युनिटकडे जाणारे लांब होजपाइप कंपनांनी घासतात, क्लॅम्पखाली रबराचा तुकडा घालून घ्या. होज क्रिम्पिंग (टोकाची फिटिंग दाबून बसवणं) सातशे ते हजार, गॅस दोन ते अडीच हजार, कॉम्प्रेसर गेला तर पंधरा हजारांच्या वर. आतून सीटवर पाणी ठिबकत असेल तर बहुतेक ड्रेन पाइप बुजलेला असतो, हवेनं फुंकून मोकळा होतो.

पत्रा

खाडीकाठची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे इथली गाडी खालून सडते. बघायच्या जागा: प्रवासी दाराची पायरी, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या काचेच्या रबराखालचा काठ, आणि छतावरच्या एसीचे बोल्ट. गाडी घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. पातळ रंगावर तो घट्ट चिकटतो. ढिला लागला किंवा पडला तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे.

सडलेल्या जागेवर लांबी आणि रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात फुगवटा येतो. कुजका भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं जोडणं, आतून प्राइमर, वर अंडरकोटिंग, हाच उपाय. पायरी आणि दोन कमानी यांना बारा ते अठरा हजार गेले तर तो भाव बरोबर समजा. खालचे पाणी जायचे भोक कोटिंगवाला बुजवून टाकतो, ते उघडे ठेवायला सांगा.

साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात डिफरन्शियलचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचा) वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं तोंड, साफ करा आणि बूच सैल करून तेल बघा. दुधाळ निघालं तर लगेच बदला, तेल हजार-बाराशेचं. क्राउन-पिनियन (आतले मुख्य गिअर) गेलं तर वीस हजारांवर. मागचे ड्रमही उघडून घ्या. व्हील सिलिंडरच्या धुळीच्या रबराखाली पाणी राहिलं तर पिस्टन अडकतो आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. किट दीडशे-दोनशे, ब्रेक ऑइल डॉट-४.

घेणाऱ्यांसाठी कागदांचं एवढंच: व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि महाराष्ट्रात त्याच वयापासून ग्रीन टॅक्सही. दोन्हीच्या तारखा बघूनच भाव करा. किंग पिन, क्लच आणि पत्रा ही तिन्ही कामं उभी असतील तर चाळीस हजार बाजूला धरून बोला. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर ती गाडी सोडून द्या, किंमत कितीही कमी असली तरी.