‘फ्रेम ओके’ लिहिलेल्या कागदावर विकलेली तडकलेली कार्बन सायकल

पुण्यात वापरलेल्या कार्बन फायबरच्या रोडबाईकची खरेदी-विक्री जोरात चालते. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल-सफर) आणि ट्रायथलॉन करणारी मंडळी काही वर्षांनी सायकल बदलतात, आणि दोन-सव्वादोन लाखांची नवी सायकल न परवडणारी पोरं त्या घेतात. हे लिहितोय ते त्या पोरांसाठी. माझे पैसे गेले हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे आतून तुटलेल्या फ्रेमवर बसून मी बोपदेव घाट उतरत होतो आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होतं.

सायकल 85 हजारांची. बघताक्षणी तजेलदार, रंगावर एक ओरखडा नाही. पहिल्याच फोनवर मी विकणाऱ्याला सांगितलं होतं की फ्रेमची तपासणी झाल्याशिवाय पैसे देणार नाही. तो लगेच म्हणाला, “सर, तपासणी झालेलीच आहे. दुकानाचा रिपोर्ट देतो. कधी पडलेली नाही सायकल.” हेच त्याने मेसेजमध्येही लिहून दिलं. मी त्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने माझ्यासमोर सांगितलं, “पूर्ण खोलून बघितलीय, बिनधास्त घ्या.” कागदावर दुकानाचा शिक्का, खाली ‘फ्रेम ओके’.

थोड्याच दिवसांत सिंहगडाच्या चढाला उभं राहून पेडल मारलं की पुढून कटकट आवाज येऊ लागला. हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल असेल म्हणून तो आवळला, तरी आवाज तसाच. मग कार्बनच्या फ्रेम दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे सायकल नेली.

त्याने आधी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, काढला. नंतर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडल जिथे फिरतात तो भाग). मग पाच रुपयांचं नाणं घेऊन डाउन ट्यूबवर, म्हणजे पेडलपासून हँडलकडे जाणाऱ्या तिरक्या नळीवर, खालून वर हलकेच वाजवत गेला. टण, टण, टण, आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) चार बोटं मागे एकदम ठप्प. बरोबर त्या जागी कंपनीच्या नावाचं स्टिकर होतं. तारेच्या टोकाला असतो तो छोटा कॅमेरा त्याने हेड ट्यूबमधून आत सोडला. मोबाईलच्या पडद्यावर नळीची आतली बाजू दिसली: एका ठिकाणी काळे धागे पिंजारून बाहेर आलेले. मग मला विचारून त्याने स्टिकर काढलं आणि पॉलिश पेपर मारला. रंगाखाली फिकट पिवळी पुट्टी, पुट्टीखाली पांढरी जाळी. “दादा, हा कार्बनच नाही,” तो म्हणाला, “गाडीच्या बंपरला लावतात ती फायबरग्लास आहे. वरून रंग मारून झाकलंय. ही सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे.”

लोखंडी फ्रेमला मार बसला तर ती वाकते, निदान डोळ्याला दिसतं. कार्बनचे थर रेझिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकांना चिकटवलेले असतात. जोराचा मार बसला की ते आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहू शकतो. पुढे एखादा खड्डा किंवा करकचून मारलेला ब्रेक पुरतो, फ्रेम मोडते ती एकदमच. फोर्कचा हँडलकडे जाणारा दांडा असा तुटला तर हँडल हातात येतं. म्हणून समोरून आदळलेल्या सायकलचा फोर्क बाहेर काढून पाहिल्याशिवाय तिला ‘ओके’ म्हणण्याचा कोणालाच अधिकार नाही. नीट दुरुस्त केलेल्या कार्बनबद्दल माझी तक्रार नाही. खराब थर उतारासारखे घासून, त्यावर कार्बनचंच कापड योग्य दिशेने बसवून केलेलं काम वर्षानुवर्षं टिकतं. पण तसं काम केलेला माणूस ते लपवत नाही, फोटो दाखवतो.

दुकानात परत गेलो तेव्हा तोच माणूस म्हणाला, “आम्ही फक्त सर्व्हिसिंग केलं होतं, गिअर-ब्रेक बघितले.” विकणारा म्हणाला, “रिपोर्ट दुकानाचा आहे, त्यांना विचारा.” दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. पुढे कळलं की विकणारा आपल्या सायकली नेहमी याच दुकानातून ‘तपासून’ विकतो.

तेव्हा तपासणारा माणूस तुम्ही निवडा आणि त्याचे पैसेही तुम्हीच द्या. विकणाऱ्याच्या कागदावर काय तपासलं, कोणते भाग काढले, आतले फोटो कुठे आहेत, हे विचारा. नाण्याचा आवाज सुगावा देतो, पण तेवढ्यावर निवाडा होत नाही. नळीची जाडी बदलली की चांगल्या फ्रेमचाही आवाज बदलतो. शंका राहिली तर अल्ट्रासाउंडने थर सुटलेत का ते कळतं. उलटी चूकही होते. रंगावरची केसासारखी रेघ दर वेळी फ्रेमची तड नसते, त्यामुळे चांगली सायकलही उगाच सोडू नका. सीटपोस्टच्या क्लॅम्पखाली आणि चेन घासते त्या मागच्या दांड्यावर नक्की बघा. मूळ बिल मागा, बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर त्याच्याशी ताडून पाहा. आणि बहुतेक कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, हे भाव करतानाच लक्षात घ्या.

‘कधी पडलेली नाही’ हा मेसेज, कॅमेऱ्याचे फोटो आणि कारागिराचं लेखी म्हणणं जोडून मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली पोलिसांकडे अर्ज दिला आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. चाकं आणि गिअर चांगले निघाले, ते ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर चढवले. जुनी फ्रेम पाच हजारांना घ्यायला एक जण तयार होता, “रंग मारून विकतो” म्हणाला. मी ती कारागिराकडून करवतीने मधोमध कापून घेतली. कोणी नुकतीच अशाच रिपोर्टवर सायकल घेतली असेल, तर तिला घाटात नेण्याआधी एकदा फोर्क काढून आत बघून घ्या.