कडुनिंबाचं तेल: पुढचं लेबल सोडा, मागचं वाचा

पाचपैकी साडेतीन तारे. तेही आतल्या तेलाला. बाटलीवर जे छापलंय त्याला एकाच्या वर गेले नसते.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर बाटल्या आणि पट्ट्या हाताखालून जातात, त्यामुळे पुढची मोठी अक्षरं सोडून मागची बारीक आधी वाचायची खोड लागलीये. या बाटलीवर पुढे लिहिलंय, ‘घरातल्या झाडांवरील सर्व किडींवर एकच उपाय’. मागे लिहिलंय, ‘कोल्ड प्रेस्ड, अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम’, शिवाय उत्पादनाची तारीख आणि मुदत. अझाडिरॅक्टिन म्हणजे कडुनिंबातला किडीवर काम करणारा मुख्य घटक, आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. मी ती घेतली ती या मागच्या ओळीसाठी.

कारण याआधी मी एक तयार स्प्रे वापरत होते. त्यावरही ‘नीम ऑइल’च लिहिलेलं. घटकांची यादी बघितली तर ‘क्लॅरिफाइड हायड्रोफोबिक एक्स्ट्रॅक्ट’. म्हणजे ज्यातून अझाडिरॅक्टिन काढून घेतलंय असं तेल. ते बिनकामाचं नसतं, किडीच्या अंगावर थर बसून ती गुदमरते, पण जिच्यावर थेंब पडला तीच. ती फसवणूक नव्हे, वेगळा माल आहे, आणि दोन्हींचं नाव एकच असल्यामुळे घेणाऱ्याचा गोंधळ होतो. १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्के. बाजारात ३०० पासून १०,००० पर्यंतचे आकडे दिसतात. ज्या बाटलीवर आकडाच नाही ती मी परत ठेवते.

आता इथल्या एक तारा देणाऱ्यांबद्दल. ‘रात्री फवारलं, सकाळी किडे तसेच, पैसे पाण्यात.’ अहो, तसेच असणार! अझाडिरॅक्टिन हे झटक्यात मारणारं विष नाही. किडीला कात टाकायला जे संप्रेरक लागतं त्याच्या कामात ते बिघाड करतं, आणि खाण्यावरची वासनाही उडवतं. पिल्लाला पुढच्या अवस्थेत जाता येत नाही, तिथेच ते संपतं. वाढ पूर्ण झालेली कीड मात्र निवांत बसलेली दिसते, अंड्यांनाही फारसा धक्का लागत नाही. म्हणून आठवड्याच्या अंतराने महिनाभर फवारत राहायचं: नवी पिल्लं बाहेर पडतील तशी ती सापडतात. एवढं एक वाक्य लेबलवर छापलं असतं तर अर्धे वाईट रिव्ह्यू आलेच नसते.

(या रेणूची रचना इतकी किचकट आहे की प्रयोगशाळेत तो पूर्ण घडवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली, २००७ मध्ये जमलं. बाटलीत येतो तो अजूनही निंबोळीतूनच.)

माझी खरी परीक्षा होया नावाच्या कुंडीतल्या वेलीवर झाली. पानाच्या देठाशी, बरोबर बेचक्यात, कापसाचा बारीक पुंजका. इअरबडने उचकला तर आत गुलाबीसर, चपटा पिठ्या ढेकूण, पाय हलवत. खालच्या पानांवर चिकट तकाकी आणि तिच्यावर काळी बुरशी धरायला लागलेली. मुंग्यांची रांगही होतीच, त्या तो गोड चिकटा खायला येतात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात. या किडीच्या अंगावर मेण असतं, पाण्यात कालवलेलं कुठलंही औषध त्यावरून घरंगळून जातं. त्यामुळे आधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने एकेक टिपून काढायचे, मग तेल. नुसतं तेल मारून पिठ्या जाईल हा दावा मला मान्य नाही. टिपून काढून वर तेलाची फवारणी सुरू ठेवली तेव्हा नव्या पेरांवर कापूस दिसेनासा झाला. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, तेव्हा हे ‘वर तेल’ टाळता येत नाही.

कॅलेथियावरच्या लाल कोळ्याला मात्र या तेलाने चांगलंच आवरलं. पान पांढऱ्या कागदावर झटकलं तर मिरपुडीएवढे ठिपके पडले आणि चालायला लागले. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय, म्हणून कीटकांसाठीची कित्येक औषधं त्याला लागूच पडत नाहीत. तेलाचा थर मात्र लागू पडतो. आधी कुंडी आडवी धरून पानं उलट्या बाजूने पाण्याने धुतली, जाळी काढली, मग फवारलं. ठिपक्यांनी फिकी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, गुण आला की नाही ते नव्या पानावर बघायचं.

मिश्रण करायची रीत लेबलवर अर्धवटच आहे. ‘पाण्यात मिसळून फवारा’, बस. तेल पाण्यात मिसळतं का कधी? एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिली सौम्य द्रव साबण, मग ५ मिली तेल, आणि जोरात हलवायचं. सगळं पाणी एकसारखं दुधी झालं पाहिजे. वर तेलाचे पिवळे गोल तरंगताना दिसले तर ते फवारू नका, शेवटच्या घोटात नुसतं तेल येतं आणि पान करपतं. साबण पोटॅशियमचा मिळाला तर उत्तम, भांड्यांचा तीव्र डिटर्जंट नाजूक पानांना सोसत नाही. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं, पाण्यात गेल्यावर अझाडिरॅक्टिन टिकत नाही. उन्हातही टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी, आणि पानाच्या पाठीवर. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघा. नेचे, लव असलेली पानं आणि ज्या सक्युलंटवर पांढरी भुकटी असते ती, यांच्या वाटेला जाऊ नका. ती भुकटी एकदा गेली की त्या पानावर परत येत नाही.

वास? लसूण आणि जळकं रबर यांच्या मधला. पहिल्या फवारणीला आमचे हे आतून ओरडले, “अगं, घरात उंदीर मेलाय का?” खिडकी उघडी ठेवा, रात्रीत कमी होतो. थंडीत तेल थिजतं, ते खराब झालेलं नसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटतं.

लेबलवर कुंडीभोवती घोंगावणाऱ्या काळ्या चिलटांचंही चित्र आहे. त्यांच्यासाठी हे घेऊ नका, मला काही फरक दिसला नाही. ती चिलटं ओल्या मातीच्या वरच्या थरात वाढतात. मातीचा वरचा थर बोटभर वाळू द्या, उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद लावा, आणि अळ्यांसाठी बीटीआय मिळालं तर पाण्यातून घाला. तो एक जिवाणू आहे, १९७६ मध्ये इस्रायलच्या वाळवंटात सापडला, आणि डासांच्या अळ्यांवरही तोच वापरतात.

कापलेल्या दीड ताऱ्यापैकी एक ‘१०० टक्के नैसर्गिक, पूर्णपणे सुरक्षित’ या ओळीचा. कडुनिंबाचं तेल पोटात गेल्याने लहान मुलांना उलट्या आणि झटके आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापलेली आहेत. असं असताना बाटलीला साधं फिरकीचं झाकण, मुलांना उघडता येणार नाही असं नाही, आणि ‘मुलांपासून दूर ठेवा’ हे वाक्य नावालाही नाही. मी लाल पेनाने लिहून वरच्या कपाटात ठेवलीये. माशांची टाकी असेल तर फवारताना ती झाकून घ्या.

उरलेला अर्धा गळणाऱ्या बुचाचा.

पुढच्या वेळी हेच तेल घेईन, पण सगळ्यात लहान बाटली. दर फवारणीला ५-१० मिलीच लागतं, मोठी अर्धी व्हायच्या आत मुदत उलटते, आणि तोवर मागचा तो १५०० चा आकडा खरा राहिलेला नसतो.